धरणगावची पलटण आणि सेंधव्याचा घाट : बंडखोरांशी बोलणी केल्याचं एक खानदेशी प्रकरण

सरकारनं हत्यारबंद बंडखोरांशी बोलणी करावीत का, हा वाद आपल्याकडे गडचिरोली किंवा बस्तरच्या नावानं सुरू होतो आणि दहा मिनिटांत एक बाजू दुसरीला देशद्रोही म्हणते, दुसरी पहिलीला दडपशाहीची समर्थक. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसानं या वादासाठी इतकं लांब जायची गरज नाही. हा सगळा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच तापीकाठी पार पडलाय. आधी लष्कर, मग बोलणी, मग करार, कराराची झीज आणि पुन्हा बंड, असे सगळे टप्पे चाळीस-बेचाळीस वर्षांत होऊन गेले. ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार आणि सातपुडा-सातमाळ्याच्या डोंगरांतले भिल्ल नाईक, म्हणजे टोळ्यांचे प्रमुख, यांचं हे प्रकरण.

दोन गोष्टी आधीच सांगतो. कंपनी हे परकं, नफ्यासाठी चाललेलं सरकार होतं. त्याची तुलना निवडून आलेल्या सरकारशी जशीच्या तशी होत नाही. दुसरं म्हणजे या प्रकरणाचे जवळजवळ सगळे कागद एकाच बाजूनं लिहिलेत. ज्याला कागद 'लुटारू टोळी' म्हणतात, ती स्वतःला काय म्हणत होती हे अंदाजानंच वाचावं लागतं. तरीही प्रकरण अभ्यासायला चांगलं आहे, कारण इथे बोलणी यशस्वीही झाली आणि फसलीही, आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी काढून दाखवता येतात.

१८१८ : हातात आलेला उजाड मुलूख

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानं होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनीकडे गेला, आणि त्याच वर्षी पेशवाईही संपली. कंपनीची पहिली भाषा तोफेची होती. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तापीकाठचं थाळनेर घेतलं, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं आणि आतली शिबंदी, म्हणजे किल्ल्यातले शिपाई, कापून काढली. या दहशतीचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. आसपासचे किल्लेदार त्यानंतर फारसे लढले नाहीत. मालेगावच्या किल्ल्यातले अरब शिपाई जूनपर्यंत झुंजले, पण तेही शेवटी खाली उतरले. किल्ला ही एका जागची वस्तू आहे, तिला वेढा घालता येतो. सातपुड्याला वेढा घालता येत नाही, हे कळायला कंपनीला पुढची सात वर्षं लागली.

मुलूख कसा होता? शिंदे-होळकरांच्या झुंजी, १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यावर पेंढारी, यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. शेतात झाडी माजली आणि झाडीत वाघ आले. १८२२ च्या मे, जून, जुलै या तीन महिन्यांत वाघांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारली, असं सरकारी नोंदीत आहे. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी चित्र समजतं.

अशा मुलखात भिल्ल काय करत होते? जुन्या व्यवस्थेत गावची राखण त्यांच्याकडे होती. ते जागले होते, घाटाचे राखणदार होते. चोरी झाली तर माग काढायचा आणि चोर सापडला नाही तर भरपाई द्यायची, हे त्यांचं काम. त्याबद्दल गावाकडून धान्याचा, पैशाचा हक्क मिळायचा. घाटातून माल जायचा तेव्हा त्यावरही हक्क असायचा. गाव उठलं की हक्क बुडाला, आणि हक्क बुडाला की राखणदारच धाड घालू लागला. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय गॅझेटियरमध्ये वाचताना अंगावर काटा येतो. कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी बोलावलं, वेढलं आणि विहिरींत ढकलून मारलं. म्हणजे कंपनी आली तेव्हा भिल्लांच्या आठवणीत 'या, बोलू' याचा अर्थ ठरून गेलेला होता. वाटाघाटी का फिसकटतात याची चर्चा करताना आपण मागण्या पाहतो, मुद्दे पाहतो. मागच्या वेळी बोलावलेल्यांचं काय झालं, हे फार कमी जण पाहतात.

कंपनीच्या अधिकाऱ्यांचा अंदाज असा होता की पन्नासेक नामी नाईक आहेत आणि त्यांच्यामागे पाचेक हजार माणसं.

एका हातात पेन्शन, दुसऱ्यात दोर

खानदेश आला कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या हाती. त्यानं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि आजचं धुळे शहर तिथून वाढत गेलं. ब्रिग्ज मूर्ख नव्हता. भिल्लांचा प्रश्न हक्कांचा आहे हे त्याला समजलं होतं. जे नाईक खाली येतील त्यांना पेन्शन, जुने हक्क सरकारी खजिन्यातून आणि राखणीचं काम परत, अशी त्याची तयारी होती. शिवाय जे येणार नाहीत त्यांच्यावर लष्कर, घाटांची नाकेबंदी आणि सापडेल त्याला फाशी किंवा फटके.

कागदावर हे धोरण शहाणपणाचं वाटतं. आजही 'गाजर आणि काठी'वाले सल्लागार नेमकं हेच सांगतात. मग ते चाललं का नाही? माझ्या मते, दोन्ही हात एकाच डोंगरावर एकाच वेळी काम करत होते म्हणून. सातमाळ्यातला चिल नाईक पकडून फासावर दिला, तर त्याचे भाऊबंद सूड घ्यायला उठले आणि पुढे त्यांनाच माफी देऊन खाली आणावं लागलं. एका दरीत पेन्शनचा कौल, म्हणजे अभयाचा शब्द, जायचा आणि शेजारच्या दरीत लष्कर भिल्लांचं पाल, म्हणजे वस्ती, जाळायचं. खाली उतरलेल्या नाईकाला कळायचं नाही की उद्या आपल्याकडे कारकून येईल की शिपाई. सैन्याची हालतही बिकट होती. सातपुड्याच्या पायथ्याचा ताप गोळीपेक्षा जास्त शिपाई लोळवत होता.

आणि गावचा पाटील? त्याच्यावर दोन्हीकडून दाब. भिल्लांना भाकर दिली तर सरकार पकडणार, खबर दिली तर रात्री खळं पेटणार. गडचिरोलीच्या गावांबद्दल जे आज लिहिलं जातं ते यावल-अडावदच्या गावांबद्दल तेव्हाच लिहून झालंय.

१८२५ मध्ये या धोरणाचा कस लागला. बागलाणात शिवराम नावाच्या एका सोनारानं साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाच्या बनावट सनदा दाखवून भिल्लांना उठवलं आणि त्यांनी मुल्हेरचा डोंगरी किल्ला गाठला. जेम्स आउट्रम नावाचा २२ वर्षांचा लेफ्टनंट थोडीशी तुकडी घेऊन तिथे गेला आणि बंड मोडून आला. सात वर्षं लष्कर फिरवल्यावरही एक सोनार खोटा कागद दाखवून शेकडो माणसं उठवू शकतो, ही बाब मुंबई सरकारला चांगलीच झोंबली असावी. लोकांना कागद हवा होता. त्यांच्या हक्काला मान्यता देणारा, वरच्या सहीचा. खरा मिळत नव्हता म्हणून खोटा चालला.

धरणगाव

मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. त्यानं १८२५ मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या काढल्या. एक वायव्येला, नंदुरबार-सुलतानपूरची बाजू आणि डांगकडचा भाग धरून. एक दक्षिणेला चाळीसगावच्या बाजूनं, सातमाळ्यासाठी, ओव्हान्स नावाच्या अधिकाऱ्याकडे. तिसरी ईशान्येला, चोपडा-यावल-एरंडोलच्या पट्ट्यासाठी, धरणगावला, आउट्रमकडे. एजंटाचं काम तिहेरी होतं : नाईकांशी बोलायचं, ज्यांना शेती करायची त्यांना जमीन, बैल, बियाणं, तगाई (सरकारी कर्ज) देऊन बसवायचं आणि ज्यांना लढण्याशिवाय दुसरं येत नाही त्यांची पलटण उभी करायची. मागचे गुन्हे मागे टाकायचे. ओव्हान्सकडे शेतीच्या वसाहती जास्त झाल्या, आउट्रमकडे पलटण.

आउट्रमची गोष्ट इंग्रजी पुस्तकांत फार गोड करून सांगितलेली असते. शूर तरुण साहेब एकटा जंगलात जातो, वाघ मारतो, रानटी लोकांची मनं जिंकतो. त्याच्या स्वतःच्या पत्रातला क्रम मात्र वेगळा आहे. पहिली गोष्ट त्यानं केली ती हल्ल्याची. धरणगावला आल्यावर लगेच त्यानं शिपाई नेऊन भिल्लांच्या मुख्य ठिकाणांवर छापा घातला, काही माणसं मारली आणि बरीच माणसं धरून आणली. मग त्या कैद्यांतल्या काहींना सोडून निरोप्या केलं : नातलगांना खाली आणा, ते आले की सगळे सुटतील. म्हणजे वाटाघाटीची पहिली खुर्ची ओलिसांच्या जोरावर मांडली गेली. हे विसरून 'प्रेमानं जिंकलं' म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

पण दुसरी अर्धीही खरी आहे. संपर्क झाल्यावर तो नाईकांबरोबर एकटा, पहाऱ्याशिवाय त्यांच्या जंगलात राहिला, त्यांच्यासोबत दारू प्यायला, शिकारीला गेला. एवढं करून पलटणीत यायला पहिल्यांदा किती जण तयार झाले? पाच. आउट्रमनं लिहिलंय की या छोट्या सुरुवातीतच मला शेवटचं यश दिसलं. दोनेक वर्षांत ती पलटण सहाशेच्या घरात गेली.

पाच माणसं आली ती का आली, यावर मी बराच विचार केलाय. पगार हे कारण आहेच. पण ब्रिग्जही पैसे देत होता. मला वाटतं फरक तीन ठिकाणी पडला.

पहिलं, बोलणी कोणाशी, याचं उत्तर बदललं. ब्रिग्जच्या कागदांत 'भिल्ल' ही एक समस्या होती. धरणगावला अमुक नाईक, त्याचं पाल, त्याचा थकलेला हक्क, त्याचा कैदेतला भाऊ, अशी एकेक गाठ सोडवली गेली. आज आपण 'संघटनेशी चर्चा' म्हणतो तेव्हा केंद्रीय समिती डोळ्यासमोर आणतो. भिल्लांना केंद्रीय समिती नव्हती, ही कंपनीची अडचणही होती आणि सोयही.

दुसरं, जे काम दिलं ते मूळचंच होतं. राखण. फक्त आता गावाऐवजी सरकारची. लुटारू होण्याआधी माणूस जो होता त्याच नावानं त्याला परत बोलावलं. शरण आलेल्याला शिलाई मशीन देऊन 'पुनर्वसन झालं' म्हणणाऱ्या योजना आपण पाहिल्यात. त्यांच्या तुलनेत हे जास्त शहाणपणाचं होतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. हमी म्हणून स्वतः आउट्रमचा जीव टांगलेला होता. तो त्यांच्यात झोपत होता. सरकारनं दगा दिला असता तर पहिला मारला गेला असता तो. कोपरगावच्या आठवणीवर याहून जास्त पटणारा उतारा नव्हता. पलटण मालेगावला गेली तेव्हा आउट्रमच्या मूळ रेजिमेंटच्या शिपायांनी, त्यांत उच्च जातीचेही होते, भिल्ल शिपायांना पान-सुपारी दिली. ज्यांच्या सावलीलाही लोक टाळत त्यांना बरोबरीचं पान मिळालं, याचा परिणाम कुठल्याही भत्त्यापेक्षा मोठा झाला असणार.

किंमत कोणी मोजली

इथे बोलणीविरोधकांचा मुद्दा घ्यायला हवा, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, हत्यार उचललेल्याला नोकरी, जमीन, माफी. आणि ज्यानं मुकाट्यानं नांगर धरला त्याला काय? माझे एक निवृत्त फौजदार स्नेही नेहमी म्हणतात, "सर, जो दगड मारतो त्याला खुर्ची, जो रांगेत उभा राहतो त्याला टोकन."

खानदेशात याचं उत्तर सरळ सापडतं, आणि ते सरकारच्या बाजूचं नाही. १८५२ मध्ये नव्या जमीन मोजणीचं काम सावदा, फैजपूर, एरंडोलच्या बाजूला आलं. कुणब्यांना भीती पडली की सारा वाढणार. हजारो शेतकरी जमले, मोजणीच्या अधिकाऱ्यांना अडवलं, काम बंद पाडलं. ही बंदूकवाली टोळी नव्हती, सारा भरणारी खातेदार मंडळी होती. त्यांच्याशी बोलायला कोणी एकटा जंगलात गेला नाही. लष्कर आलं, पुढारी धरले गेले आणि मोजणी पार पडली. ते मोडायला जी फौज आली तिच्यात भिल्ल पलटणही होती.

हा प्रसंग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. एका गटाशी केलेला करार सरकारनं दुसऱ्या गटावर वापरायचं हत्यार म्हणून वापरला. १८३० मध्ये डांगवर स्वारी झाली तीही भिल्ल शिपायांना सोबत घेऊन, आणि १८३१ मध्ये अडावद-यावलकडच्या तडवी भिल्लांचा उठाव मोडला तोही आउट्रमनं. बोलणीतून शांतता आली हे खरं, पण कंपनीच्या लेखी शांतता म्हणजे वसुली सुरळीत चालणं.

मग 'बोलणी केल्यानं हिंसेला बक्षीस मिळतं' हे म्हणणं बरोबर ठरतं का? अर्धवट. हिंसेला बक्षीस मिळतं ते हत्यारबंदाशी बोलल्यामुळे कमी आणि बिनहत्याराच्या माणसाशी न बोलल्यामुळे जास्त. सावद्याच्या कुणब्याचं म्हणणं ऐकून घेण्याची एखादी रीत असती, तर धरणगावची पलटण कोणालाही खुपली नसती.

सेंधव्याचा घाट

आता फसलेली बाजू. आग्रा रस्ता शिरपूर, पळासनेरवरून वर चढतो तो सेंधव्याचा घाट. मुंबई-इंदूरचा सगळा माल इथून जायचा. या घाटाची राखण गुमान नाईकाच्या घराण्याकडे होती आणि पुढे त्याचा मुलगा खाज्या नाईक याच्याकडे आली. इंग्रजी कागदांत त्याला कजरसिंग म्हटलंय. १८३१ पासून वीसेक वर्षं त्यानं कंपनीची चाकरी केली. बोलणीच्या धोरणाचं यश दाखवायला याहून चांगला माणूस मिळाला नसता : बंडखोर घराण्यातला नाईक आणि घाटावर चिटपाखरू लुटलं जात नाही.

मग एका माणसाच्या मृत्यूबद्दल खाज्यावर खटला झाला आणि शिक्षा झाली. चाकरी गेली, तुरुंगवास आला. चांगल्या वागणुकीमुळे मुदतीआधी सुटला. शिक्षा कायद्यानं बरोबर होती की नाही यावर वाद घालायचा नाही. माणूस मेला होता आणि राखणदार आहे म्हणून त्याला मोकळीक द्यावी असं मीही म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. घाटाचा करार कोणाशी होता? खाज्या नावाच्या नोकराशी, की घाट राखणाऱ्या घराण्याशी आणि त्याच्यामागच्या पालांशी? सरकारनं नोकर काढला आणि करारही संपला. नाईकाच्या नजरेत पिढीजात हक्क एका फर्मानानं गेला. या दोन समजुतींत कोणाची खरी, हे ठरवणारी जागाच नव्हती. आउट्रम १८३५ मध्येच खानदेशातून गेला होता. त्याचा शब्द त्याच्याबरोबर गेला.

१८५७ चा वणवा उत्तरेत पेटला तेव्हा खाज्या उठला. सोबत भीमा नाईक. त्या वर्षाच्या शेवटी इंदूरहून मुंबईला निघालेला सात लाखांचा खजिना त्यांनी घाटात लुटला. ज्याला तो घाट राखायला पगार मिळत होता त्यानंच तो लुटला, म्हणून इंग्रज अधिकारी संतापले. पण घाटाची प्रत्येक वाट त्याला माहीत होती ती याच पगारामुळे, हे त्यांच्या संतापात कुठे येत नाही.

११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला गाठ पडली. लढाई मोठी झाली, कंपनीच्या बाजूनंही माणसं पडली. लढाईनंतर पन्नासहून जास्त कैद्यांना तिथेच गोळ्या घातल्या. बायकापोरं धरून नेली. १८२५ मध्ये धरलेले कैदी बोलणीची सुरुवात होते, १८५८ मध्ये धरलेले शिक्षा म्हणून होते. कंपनीच्या बाजूनं लढणाऱ्यांत भिल्ल पलटणीचे शिपाई होते. धरणगावला जमवलेली माणसं आणि सेंधव्याला गमावलेली माणसं समोरासमोर उभी राहिली.

खाज्याशी पुन्हा बोलणी झाली, माफीची भाषा झाली, पण आता कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता. १८६० मध्ये तो दग्यानं मारला गेला. भीमा नाईक १८६७ पर्यंत डोंगरात तगला, मग पकडला गेला, अंदमानला पाठवला गेला आणि १८७६ मध्ये तिथेच वारला.

डांग : जो करार अजून चालू आहे

खानदेशच्या पश्चिम कडेला नवापूर, पिंपळनेरच्या पलीकडे डांग. तिथले भिल्ल राजे दीर्घ काळ खानदेशच्या भिल्ल एजंटाच्या अखत्यारीत होते. १८३० च्या स्वारीनंतर १८४२ मध्ये कंपनीनं त्यांच्याशी सागवानाच्या जंगलाचा भाडेपट्टा केला. दरवर्षी ठरलेली रक्कम, ठरलेल्या दरबारात, सगळ्यांसमोर. हा व्यवहार न्याय्य होता असं मी म्हणत नाही. सागवान गेलं, जंगलावरचा ताबा गेला आणि राजांच्या हाती आली ती नाममात्र रक्कम.

पण तो टिकला. इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, तनखे बंद झाले, डांग गुजरातेत गेलं. तरी होळीच्या सुमाराला आहव्याला डांग दरबार भरतो आणि सरकारी अधिकारी त्या राजांना सालाचं मानधन देतात. आपल्याकडचे लोकही जत्रेसारखे तिथे जातात.

खाज्याचा करार एका अधिकाऱ्याच्या भरवशावर आणि एका नोकरीच्या चौकटीत होता. डांगचा करार कागदावर, पिढ्यांसाठी, वर्षातून एकदा उघड्या मैदानात पाळून दाखवावा लागणारा. एखाद्या वर्षी सरकारनं पैसे दिले नाहीत तर ते शेकडो लोकांसमोर दिसणार. म्हणजे शब्द मोडणं सरकारलाही थोडं महाग पडणार. सेंधव्याला शब्द मोडला तर भिल्लाला फाशी आणि सरकारला काहीच नाही, असा सौदा होता. सरकारं बोलणीत मोठी कलमं घालतात. मोडल्यास आपल्यालाही काय भोगावं लागेल हे एक कलम मात्र टाळतात. बोलणी करावीत की नाही यावर माझं उत्तर 'करावीत' असंच आहे. पण ज्या बोलणीत हे कलम नाही ती मी पुढच्या बंडाची पूर्वतयारी समजतो.

इथून पुढे

आपल्या देशातल्या अलीकडच्या दोन उदाहरणांना हीच कसोटी लावून पाहिली. मिझोरममध्ये १९६६ ला बंड झालं, ऐझॉलवर भारतीय हवाई दलानं बॉम्ब टाकले, वीस वर्षं झुंज चालली. ३० जून १९८६ ला करार झाला, १९८७ मध्ये राज्य झालं आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पुढे त्यांचा पक्ष निवडणूक हरला आणि घरी गेला. जंगलात गेला नाही. त्या करारातली मुख्य हमी राज्यघटनेत ३७१-जी कलमानं गेली. मिझोंच्या रूढी, जमीन याबाबतचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. दिल्लीत सरकार कोणाचंही असो, ते कलम आहे तिथेच आहे.

उलट आंध्र प्रदेशात ऑक्टोबर २००४ मध्ये माओवाद्यांशी हैदराबादला उघड चर्चा झाली. नेते जंगलातून बाहेर आले, कॅमेरे आले, लोकांनी निवेदनांचा पाऊस पाडला. पण शस्त्रसंधी नेमकी कशाला म्हणायचं, गावात फिरताना हत्यार बाळगायचं की नाही, यावरच गाडी अडली. संधी मोडली असं कोणी, कशावरून ठरवायचं, हे पक्कं नव्हतं. जानेवारी २००५ मध्ये चकमकींचा आरोप करत माओवादी चर्चेतून बाहेर पडले. दोन्ही बाजूंनी मधला काळ दम घ्यायला वापरला असा आरोप दोन्ही बाजू करतात, आणि बहुधा दोघांचाही खरा आहे.

यावर कोणी म्हणेल की सगळ्यांनाच घटनेत कलम कुठून देणार? बरोबर आहे. छोट्या गटाला, खंडणीवर जगणाऱ्या टोळीला ते देऊही नये. माणूस पाहून बोलावं हे आउट्रमनं पाच माणसांपासून सुरू करून दाखवलंच आहे. पण ज्या प्रश्नाच्या मागे हजारो घरं उभी आहेत तिथे निदान डांगइतकी तरी व्यवस्था हवी : लिहिलेलं, तारखेचं, लोकांसमोर पाळलं जाणारं.

आणि हे फक्त हत्यारबंदांपुरतं ठेवलं तर फौजदारसाहेबांचं टोकनवालं वाक्यच खरं ठरेल. भिल्ल एजंटांनी दिलेल्या आणि नंतर मिळवलेल्या जमिनी पुढच्या शंभर वर्षांत सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे सरकल्या. शहादा-तळोद्याच्या आदिवासींनी १९७० नंतर अंबरसिंग महाराजांच्या पुढाकारानं आणि श्रमिक संघटनेच्या माध्यमातून त्या परत मागितल्या. मोर्चे निघाले, शेतं ताब्यात घेतली, लढा मुख्यतः बिनहत्याराचा राहिला. १९७४ मध्ये राज्यानं आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. हा कायदा बंदुकीच्या धाकानं आलेला नव्हता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जळगाव, नंदुरबारकडचे आदिवासी वनजमिनीच्या दाव्यांसाठी ठाण्याहून मुंबईला पायी गेले आणि सरकारकडून लेखी आश्वासन घेऊन परतले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून आलेल्या मोठ्या मोर्चालाही लेखी आश्वासन मिळालं होतं, आणि त्यातलं बरंच बाकी राहिल्यानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये लोकांना तीच वाट धरावी लागली. मिळालेल्या कागदांवर सही होती. दावा अमुक दिवसात निकाली निघाला नाही तर कोणत्या अधिकाऱ्यावर काय कारवाई, अशी ओळ मात्र सरकारनं त्यात घालावी आणि वर्षातून एकदा, शहाद्याला किंवा चोपड्याला, मांडवाखाली बसून किती दावे निघाले ते वाचून दाखवावं. आहव्याला राजांसाठी मांडव घालता येतो, तर इथे घालायला हरकत कोणाची आहे?